बिनतारी नाना

नानांना कुणी विचारलं, "इलेक्ट्रिक गाडी केव्हा घेताय?" तर ते गाडीबद्दल बोलत नाहीत, रस्त्याबद्दल बोलतात. "गाडी काय हो, उद्या घेईन. पण रस्ता कुठाय?" विचारणारा भाबडेपणाने गॅलरीतून खाली वाकून बघतो. रस्ता असतो. खड्डे असतात, पण त्यांच्या अधूनमधून रस्ताही असतो. मग नाना चष्मा कपाळावर चढवतात आणि सांगतात की हा रस्ता नव्हे. त्यांच्या रस्त्याच्या पोटात तांब्याची वेटोळी असणार, गाडी वरून जाणार आणि जाता जाता चार्ज होणार. वायर नाही, प्लग नाही, पंपावरची रांग नाही. तो रस्ता झाला की नाना गाडी घेणार. तोवर त्यांची जुनी चेतक पार्किंगमध्ये एका अंगावर कलून उभी असते आणि तिच्याखाली ऑइलचा एक कायमचा डाग असतो.

अशी माणसं प्रत्येक गावात, प्रत्येक कचेरीत आणि झाडून सगळ्या गृहनिर्माण संस्थांत असतात. त्यांना आळशी म्हणता येत नाही, कारण ती सारखी वाचत असतात. जुन्या वळणाची म्हणावं, तर नव्याची एवढी माहिती कॉलेजातल्या पोरांनाही नसते. बाजारात आलेली वस्तू त्यांच्या लेखी शिळी. येणारी तेवढी ताजी. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, तेव्हा नाना म्हणाले होते, पहिला लॉट कधी घेऊ नये. संगणक घ्यायला निघाले तेव्हा पेंटियम टू होता; दुकानात कळलं की थ्री येतोय. थ्री आल्यावर कळलं की फोर येतोय. मुलीने शेवटी स्वतःच्या पहिल्या पगारातून एक आणला आणि नानांनी त्यावर पहिली गोष्ट शोधली ती म्हणजे त्याच्यानंतर काय येतंय. चेतक बंद होऊन पुन्हा आली, २०२० साली, तीही विजेवर चालणारी आणि पुण्यात. नाना शोरूममध्ये जाऊन तिच्यावर बसून आले. खाली उतरून म्हणाले, "गाडी उत्तम. पण हिला वायर आहे."

वायरशी नानांचं वैर जुनं आहे. सगळी नोकरी वीज खात्यात, म्हणजे तारा ओढण्यात, जोडण्यात आणि पावसाळ्यात तुटलेल्या शोधण्यात गेली. त्याआधीचीही एक आठवण आहे. लहानपणी सुट्टीत ते मावशीकडे मुंबईला जात, तेव्हा गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस धावायची. डोक्यावर दोन काठ्या, काठ्यांची टोकं वरच्या तारांना टेकलेली, त्यातून वीज यायची आणि धूर न सोडता बस चालायची. ती १९६२ मध्ये सुरू झाली आणि १९७१ मध्ये बंद पडली. बस नानांना फार आवडायची. पण एकदा वळणावर काठी तारेवरून सुटली आणि कंडक्टर ती पुन्हा बसवेपर्यंत सगळे उतारू रस्त्यावर उभे. "तेव्हाच मला कळलं," नाना सांगतात, "की वीज रस्त्यातून घ्यायची ही कल्पना बरोबर. चूक आहे ती तार!" वय वर्षे दहाच्या मानाने निष्कर्ष फारच पक्का वाटतो, पण नानांच्या आठवणी त्यांच्या मतांबरोबर सुधारत गेलेल्या आहेत. इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नाव ठेवलंय बिनतारी नाना. नानांना ते माहीत आहे, आणि मनातून आवडतंही.

एकदा विषय निघाला की नाना १८३१ पासून सुरुवात करतात. फॅरेडेने त्या वर्षी दाखवलं की एका वेटोळ्यातला प्रवाह बदलता ठेवला तर शेजारच्या, मुळीच न चिकटलेल्या वेटोळ्यात वीज उमटते. तिथून ते १८९४ वर येतात. त्या वर्षी हुतँ आणि लब्लाँ या दोन फ्रेंच अभियंत्यांनी रेल्वेला अशीच बिनस्पर्शाची वीज देण्याचं पेटंट अमेरिकेत घेतलं. "१८९४! टिळकांचा गणेशोत्सव नुकता सुरू झाला होता हो!" ऐकणाऱ्याचा चहा इथवर संपलेला असतो. नाना मात्र अजून कॅलिफोर्नियात पोहोचायचे असतात, जिथे गेल्या शतकाच्या शेवटी बर्कली विद्यापीठाच्या लोकांनी रस्त्याखालून बसला वीज देऊन बघितली. आणि मग येतं गुमी.

दक्षिण कोरियातलं गुमी हे शहर नानांच्या तोंडून ऐकलं तर आजोळ वाटावं. तिथे २०१३ साली काइस्ट या संस्थेने दोन बस सोडल्या. जाऊन-येऊन २४ किलोमीटरचा मार्ग, तोही रोजच्या उतारूंचा. रस्त्याखाली पुरलेल्या तारांमधून चालत्या बसला १०० किलोवॉट वीज मिळायची, मधली फट १७ सेंटीमीटर, आणि पाठवलेल्या विजेतली ८५ टक्के वर पोहोचायची. आख्खा मार्ग खणावाही लागला नाही. मार्गाच्या ५ ते १५ टक्के लांबीत पट्टे पुरले की भागत होतं. बसमधली बॅटरी नेहमीच्या इलेक्ट्रिक गाडीच्या मानाने एक तृतीयांश. हे सगळं खरं आहे. नानांचं कुठलंच वाक्य खोटं नसतं, आणि त्यांच्याशी वाद घालण्यातली खरी अडचण ती आहे.

त्यांना अडवू शकणारी एकच व्यक्ती घरात आहे, ती म्हणजे नानी. नाना समजावून सांगायला स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीचं उदाहरण देतात. शेगडीखाली वेटोळं, वर पातेलं, मध्ये आग नाही की तार नाही. तसंच रस्त्याखाली एक आणि गाडीच्या पोटाला एक. नानी हे पुष्कळदा ऐकून घेतात. एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "शेगडीवर पितळेचं पातेलं चालत नाही. स्टीलचं चालतं, तेही बुडाला सपाट असेल तर. जरा सरकलं की ती पीं पीं करून बंद पडते. मग तुमची बस त्या पट्ट्यावर नेमकी कोण धरणार? आपल्याकडे ड्रायव्हर थांब्याच्या चार हात पुढे उभी करतो." नाना क्षणभर गप्प झाले. कारण या विद्येतले मोठमोठे अभियंते ज्या प्रश्नाने हैराण आहेत तो नानींनी लाटणं न थांबवता विचारला होता. दोन वेटोळी समोरासमोर आली नाहीत तर वीज वाटेत हरवते. गाडीच्या पोटाला योग्य जातीचं वेटोळं नसेल तर वीज मिळतच नाही. शिवाय सगळ्या कंपन्यांचं माप एक हवं. उभ्या गाडीसाठी सेकंदाला ८५ हजार आवर्तनांचं माप ठरलंय. पण जुन्या गाड्या कोणी बदलून द्यायच्या? नाना म्हणाले, "होईल ते." नानी म्हणाल्या, "तोवर ताट घ्या."

आता एवढ्यापर्यंत नाना हे एक निरुपद्रवी आणि गोड प्रकरण आहे. पण नाना आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. मुलगी नोकरी करणारी, भाड्याने न राहता स्वतःच्या फ्लॅटचं कर्ज फेडणारी, बोलायला मऊ. तिने अर्ज दिला: माझ्या पार्किंगच्या जागेत एक चार्जिंग पॉइंट हवा, महावितरणचं वेगळं मीटर मी घेईन, वायरिंगचा खर्च माझा, संस्थेवर एक रुपयाचाही बोजा नाही. अर्ज इतका बिनतोड होता की कमिटीला संशय आला. आगीची भीती, ट्रान्सफॉर्मरवरचा भार, भिंतीला भोक पडेल का, या नेहमीच्या शंका निघाल्या आणि नेहमीच्या उत्तरांनी मिटल्या. मंजुरी होणारच होती. तेवढ्यात नाना उठले.

नाना विरोधात बोलले नाहीत. ते कधीच विरोधात बोलत नाहीत. उलट त्यांनी त्या मुलीचं, इलेक्ट्रिक वाहनांचं आणि भावी पिढीचं अभिनंदन केलं. मग म्हणाले, "पण ही वायर किती दिवसांची सोबतीण? आज भिंत फोडायची, पाइप टाकायचा, आणि उद्या रस्ताच चार्जिंग द्यायला लागला की सगळं उपटायचं! जगात काय चाललंय बघा. स्वीडनला गॉटलंड बेटावर विमानतळ ते गाव रस्ता झाला. इटलीत ब्रेशाच्या महामार्गाजवळ किलोमीटरभराचा गोल फेरा झाला. अमेरिकेत डेट्रॉइटला झाला. फ्रान्समध्ये पॅरिसच्या बाहेर ए-१० महामार्गावर दीड किलोमीटर झाला, त्याच्यावरून ट्रक आणि बस चार्ज होत जातात. आणि आपण काय करणार? खिळे ठोकून वायर लावणार!" सभेला आपण जगाच्या मागे पडत असल्याची एकदम लाज वाटली. ठराव असा लिहिला गेला: विषय अभ्यासपूर्वक हाताळण्यासाठी पुढील सभेपर्यंत तहकूब. पुढल्या सभेत पुन्हा तहकूब. ती मुलगी अजून ऑफिसात स्कूटर चार्ज करते, आणि ऑफिसला सुट्टी असेल त्या दिवशी रिक्षाने जाते.

मी एकदा नानांना एक बातमी नेऊन दाखवली. सी-डॅकचं तिरुवनंतपुरमचं केंद्र आणि नागपूरचं व्हीएनआयटी यांनी मिळून दीड किलोवॉटचा देशी वायरलेस चार्जर बनवला आणि २०२५ मध्ये त्याचं तंत्र उद्योगाकडे सोपवलं. साडेबारा सेंटीमीटरच्या फटीतून वीज जाते. मला वाटलं, नाना खूश होतील. वायर नको ना? मग हा पार्किंगमध्ये बसवू. नानांनी बातमी दोनदा वाचली. पहिल्यांदा "नागपूर" या शब्दावर पुणेकराला शोभेल असं थोडं थांबले. दुसऱ्यांदा म्हणाले, "पण हा उभ्या गाडीला चार्ज करतो." मी म्हटलं, "हो." "मग त्यात काय? उभी गाडी तर वायरनेही चार्ज होते!"

याच्यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं सगळं तेच बोलून गेले होते.

रस्ता खणण्याचं काय, हे मात्र मी एकदा विचारलं होतं. आपला रस्ता वर्षभरात पाण्याची लाइन, ड्रेनेज, गॅस आणि केबल यांच्यासाठी आळीपाळीने उघडला जातो. त्यात तांब्याची वेटोळी पुरली तर दिवाळीपर्यंत राहतील का? तांबं आहे, नाना. भंगारात भाव चांगला आहे. नाना शांतपणे म्हणाले, "एकदा वीज आत गेली की कोणी कुदळ मारायची हिंमत करणार नाही." खणणाऱ्यांबद्दल त्यांची ही कल्पना वीज खात्यात आयुष्य काढूनही कशी टिकली हे मला कळलेलं नाही.

मग नाना अमेरिकेला गेले. मुलगी मिशिगनमध्ये असते. नातवंडं, नायगारा, देऊळ हे सगळं ठरलेलं होतंच, पण नानांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता डेट्रॉइटचा चौदावा रस्ता. मिशिगन सेंट्रल या जुन्या रेल्वे स्टेशनच्या शेजारी, नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला, पाव मैलाचा, अमेरिकेतला पहिला सार्वजनिक चार्जिंग रस्ता. जावई सोशिक. रविवारी सकाळी नाना-नानींना घेऊन गेला. गाडी लावली, सगळे उतरले.

"कुठाय?" नाना म्हणाले.

"हाच, बाबा."

नानांनी खाली बघितलं. डांबर होतं. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं; तिकडेही डांबरच होतं. आजवर ज्याच्यासाठी एक संपूर्ण चेतक सोडून दिली तो रस्ता समोर होता आणि दिसायला तो रस्त्यासारखाच होता. वेटोळी खाली पुरलेली. ती दिसत नाहीत हेच तर त्यांचं कौतुक. नानींनी विचारलं, "यासाठी आलो?" आणि स्टेशनची इमारत बघायला निघून गेल्या. ती खरोखर सुंदर आहे.

नाना हरणारे नव्हेत. रस्ता रिकामा बघून त्यांनी खिशातला मोबाइल काढला आणि डांबरावर ठेवला. थोडा वेळ वाकून स्क्रीनकडे बघत राहिले. जावयाने हळूच समजावलं की रस्ता ओळखीच्या गाडीलाच वीज देतो. पोटाला रिसीव्हर असलेली गाडी वर आली की तिच्याखालचं तेवढं वेटोळं जागं होतं, गाडी पुढे गेली की निजतं. म्हणूनच माणसं, कुत्री आणि मोबाइल त्यावरून सुखरूप जातात. "मग तुमची गाडी?" जावयाची गाडी इलेक्ट्रिकच होती, पण तिला रिसीव्हर नव्हता. तरीही नानांच्या समाधानासाठी तो पाव मैल तिने जाऊन-येऊन केला. बॅटरी वाढली नाही. जेवढी घटायची तेवढी घटली.

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र फोटो आले. सात फोटो, सातही डांबराचे. खाली मजकूर: "भविष्यावर उभा आहे." पहिल्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "रस्ता छान. खड्डा नाही." बी विंगमधल्या वहिनींनी नमस्काराचे हात पाठवले, त्या सगळ्यालाच पाठवतात.

नानींनी परत आल्यावर जे सांगितलं ते फोटोत नव्हतं. जावयाच्या गॅरेजमध्ये भिंतीला चार्जर आहे. रोज रात्री जेवण झालं की नाना स्लिपर घालून गॅरेजमध्ये जायचे, वायर उचलायचे, गाडीला लावायचे आणि हिरवा दिवा लागला की "लागली बरं का" असं घरभर सांगत यायचे. एका रात्री जावयानेच लावून टाकली तर नाना रुसले. सकाळी गाडी भरलेली असते याचं त्यांना इतकं कौतुक की शेजारच्या गुजराती गृहस्थांना बोलावून दाखवलं. मी नानांना विचारलं, "मग ती वायर चालते?" नाना म्हणाले, "ती त्यांची वायर आहे."

नानांची चेष्टा करणं सोपं आहे. पण त्यांचा रस्ता वेडगळ नाही. कुठे तो नीट बसतो हे गुमीने दाखवलंय: बसखाली. बस रोज त्याच मार्गाने जाते, त्याच थांब्यांवर थांबते, तिचा ड्रायव्हर शिकवता येतो, तिचं वेटोळं एकाच डेपोत बसवता येतं, आणि थोड्या पट्ट्यांवर दिवसभर फेऱ्या निघतात. नानांसारख्याने महिन्यातून एकदा साताऱ्याला जाण्यासाठी सगळा महामार्ग उकरून तांबं पुरावं, हा हिशोब मात्र बसत नाही. आणि हा हिशोब फक्त मी करत नाही. स्वीडनने हालस्बेरी ते ओरेब्रू असा सुमारे २१ किलोमीटरचा कायमचा इलेक्ट्रिक रस्ता करायचं ठरवलं होतं. निविदा इतक्या महाग आल्या की २०२३ मध्ये त्यांनी ती खरेदी थांबवली. याबद्दल नाना बोलत नाहीत. गुमीचा प्रयोग कोरियाभर पसरला नाही, याबद्दलही नाही. दरम्यान दुसरीकडे २०१० ते २०२० या दहा वर्षांत बॅटरीची किंमत जवळपास नव्वद टक्क्यांनी उतरली. म्हणजे रस्ता येईपर्यंत थांबणाऱ्यांना न विचारता रस्त्याची गरजच कमी होत चालली.

गंमत अशी की जिच्यासाठी ही विद्या खरी शोभते त्या बसमध्ये नाना कित्येक वर्षांत चढलेले नाहीत. कारण? "नव्या बस येतायत, त्या आल्या की बघू." पुण्यात पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस २०१९ पासून धावतायत. रात्री डेपोत त्यांना जाडजूड वायर लावतात आणि दिवसभर त्या नानांच्या गॅलरीखालून जातात. आवाज करत नाहीत म्हणून नानांना कळलं नसावं.

घरातल्या नानाने फार तर एका मुलीची स्कूटर अडते. हाच माणूस सरकारी खुर्चीत बसला की शहर अडतं. स्मार्ट बसथांबा येणार म्हणून साधी शेड नाही, प्रवासी पावसात. सगळा चौक नव्याने होणार म्हणून झेब्रा क्रॉसिंग रंगवायचं नाही. म्हातारी माणसं पलीकडे जाण्यासाठी ताटकळलेली. फायलीवर "नाही" असं कुठेच लिहिलेलं नसतं, "अधिक चांगला पर्याय विचाराधीन" असं असतं. नकार देणाऱ्याला निदान मोर्चा नेऊन जाब विचारता येतो. याला काय विचारणार? तो तुमच्यापेक्षा दोन पावलं पुढचं बोलत असतो.

तुमच्याही सोसायटीत असे नाना असतील, तर माझा सल्ला ऐका. त्यांच्याशी तंत्रज्ञानावर वाद घालू नका, हराल. फॅरेडेपर्यंत जाऊन हराल. फक्त तारखा बघा. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघावी लागते. आमचे नाना यंदा पुन्हा मिशिगनला निघालेत. मेमध्ये जाणार, ऑक्टोबरच्या शेवटी येणार. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा अर्ज विषयपत्रिकेवर चौथा आहे.